जिवाणी

कुपवाडच्या एमआयडीसीत, रिफायनरीच्या मागच्या खोलीत
मी तेलाचा रंग बघते.
आम्लता, ओलावा, वास. वहीत सही: स. बा. मगदूम.
मग टँकर सुटतो आणि निम्मी सांगली
भजी तळते, भडंगाला फोडणी देते.
सरकी कुठली, कुणी विचारत नाही.

विचारलं फक्त त्रिशला आत्तीनं.
मंगळवारी, ऐन शिफ्टमध्ये फोन:
"सन्मती, महाराज समडोळीत हाईत चौमासाला.
शुक्रवारी आपल्या दारात आहार झाला तर?
त्या सरकीत म्हणं मातीतला जीव घातलाय."

जीव नाही गं, जीवातला एक धागा.
मातीत एक जिवाणू असतो, डोळ्यांना न दिसणारा,
त्याची एक विद्या कपाशीला शिकवली:
बोंडअळीनं पान कुरतडलं
की तिचं आतडं आतून फाटतं.
तेलात यातलं काही उतरत नाही.
धुऊन, तापवून, गाळून सगळं जातं. मी स्वतः तपासते.

पलीकडे म्हैस साखळी ओढत होती.

"मला काय हुतंय ते न्हाई इचारलं," आत्ती म्हणाली.
"अळीला काय हुतंय ते इचारलं."

माझ्या वहीत त्याला रकाना नाही.
तरी मी बोलत राहिले. औषध फवारलं असतं तर
अळीसंगं मधमाश्या गेल्या असत्या, ढालकिडे गेले असते,
पाठीवर पंप घेतलेला माणूससुद्धा कधी कधी.
"म्हंजे कमी-जास्तीचा हिशेब हाय."
हिशेबच आहे, आत्ती.
"असंल. माझ्याकडं नेम हाय, हिशेब न्हाई."
आणि लगेच, त्याच आवाजात:
"घाण्यावरलं शेंगतेल काय भावानं देत्यात गं तिकडं?"

बटाटा नाही, कांदा नाही, मुळ्याचा पालासुद्धा नाही.
दिवस मावळला की तिच्या घरात ताट वाजत नाही.
अशा बाईला मी पाच लिटरचा डबा नेऊन दिला,
आमच्या कंपनीचा नव्हे.
दुधाचं तिनं स्वतःच काढलं:
"चंपीच्या पाटीत पेंड सरकीचीच की."
शुक्रवारी खीर झाली नाही.

ओल्या लुगड्यानं ती उंबऱ्यात उभी राहिली,
हातात कलश, त्यावर नारळ.
"नमोस्तु, नमोस्तु."
महाराज आले. थांबले. कलशाकडं पाहिलं.
मनात काय धरून निघाले होते कोण जाणे,
वळले, आणि चौगुल्यांच्या दारात शिरले.

चौगुल्यांच्या चुलीपाशी आमचा डबा होता.
निळं झाकण, माझ्या सहीची तारीख.
तो मी सकाळीच पाहिला होता, मीठ मागायला गेले तेव्हा.

आत्तीनं काही म्हटलं नाही.
आम्हाला वाढलं, स्वतः एकभुक्त राहिली,
आणि ऊन कलल्यावर विहिरीवर गेली. मी मागोमाग.
घागरीच्या तोंडावर दुपदरी गाळणं,
चौमासासाठी मुद्दाम आणलेलं, कोरं, जाड,
कडेला जांभळा शिक्का: शुद्ध सुती.
पाणी ओतलं. ते थांबत थांबत उतरलं.
मग गाळणं उलटं करून
त्यावर राहिलेलं जे काही होतं, असलं तर,
गाळलेल्याच पाण्यानं तिनं बादलीत उतरवलं.
जिवाणी. जिथलं पाणी, तिथंच परत.

माझ्या जिभेवर एक वाक्य आलं होतं.
या राज्यात आता कपाशी बहुतेक एकाच प्रकारची पिकते,
मग हे सूत कुठल्या बोंडातलं असणार?

"दोर धर," आत्ती म्हणाली.
मी धरला.
"ह्योबी कापूसच न्हवं?"
माझ्याकडं न बघता.

मी बोलले नाही.
"हळू," ती म्हणाली, "आपटू दिऊ नको."
बादली खाली जात राहिली,
पाण्याला टेकेपर्यंत,
दोर हातात सैल पडेपर्यंत.